गालिच्यावरील खुणा व त्यांचे अर्थ

आमच्या मराठी घरांत गालिचा हा नेहमीं पाहुणाच राहिला. बसावयास घोंगडी किंवा सतरंजी, लग्नमुंजीस जाजम, आणि बैठक थाटावयाची झाली तर लोडतक्क्यांपुढें पांढरी चादर, एवढ्यावर आमच्या वाडवडिलांची हौस भागत असे. गालिचा दिसावयाचा तो एखाद्या संस्थानिकाच्या दिवाणखान्यांत किंवा नाटकांतील दरबाराच्या प्रवेशांत. त्यामुळें त्यावर पाय ठेवतांना आपण अंमळ संकोचतों खरे. पण त्यावर काय काढलें आहे हें वांकून पाहण्याची संवय आपणांस नाहीं. चित्र भिंतीवर असतें, मूर्ति चौथऱ्यावर असते. गालिचा पाहावयाचा तर मान खालीं घालावी लागते, आणि मान खालीं घालून कलेचा आस्वाद घेणें आपल्या पंडितांसही फारसें मानवत नाहीं.

मीही त्यांतलाच एक. महाविद्यालयांत इतिहास शिकवितांना मोगल कलेचा भाग आला म्हणजे शालींवरील व गालिच्यांवरील कोयरीचा आकार फळ्यावर काढून, ‘ही प्राचीन इराणच्या अग्निपूजेंतील ज्वाळा होय,’ असें मी कित्येक वर्षें छातीठोकपणें सांगत आलों. मुलें तें उतरून घेत, परीक्षेंत तसेंच लिहीत, आणि मी त्यांस त्याबद्दल गुण देत असें. एके वर्षीं मागच्या बांकावरील एका विद्यार्थिनीनें विचारिलें, ‘सर, हें विणणाऱ्यानें कोठें सांगून ठेवलें आहे?’ मीं कशीबशी वेळ मारून नेली. घरीं येऊन पुस्तकें काढलीं, तों असें दिसून आलें कीं, एक ग्रंथकार दुसऱ्याकडे बोट दाखवितो, दुसरा तिसऱ्याकडे. विणकराकडे मात्र कोणाचेंच बोट नाहीं. त्या मुलीस तेव्हां न दिलेलें उत्तर प्रस्तुत लेखांत द्यावें असा विचार आहे.

प्रश्न असा कीं, गालिच्यावरील फुलें, झाडें, मासे, ढग, दिवे यांस कांहीं अर्थ आहे काय. आणि असल्यास तो आपणांस कशावरून कळतो? माझ्या मतें या बाबतींत साक्षीदार तीन प्रकारचे आहेत. कांहीं ठिकाणीं गालिचा स्वतःच बोलतो. कांहीं ठिकाणीं तो विणणारे व वापरणारे लोक बोलतात. आणि उरलेल्या ठिकाणीं विकणारे व्यापारी व शिकविणारे आम्ही बोलतों. या तिघांच्या साक्षींची किंमत सारखी धरतां येत नाहीं.

आज उपलब्ध असलेल्या गालिच्यांत सर्वांत जुना जो अखंड गालिचा, तो बर्फानें राखून ठेविला. १९४९ सालीं दक्षिण सायबेरियांतील अल्ताई पर्वतांत पाझिरिक नांवाच्या खोऱ्यांत रशियन संशोधक सेर्गेई रुदेन्को यांनीं एका प्राचीन सरदाराचें थडगें उकरलें. चोरांनीं तें पूर्वींच फोडलें होतें. त्या भगदाडांतून पाणी आंत शिरलें, गोठलें, आणि चोरांनीं मागें ठेवलेला गालिचा दोन हजारांहून अधिक वर्षें त्या बर्फांत जवळजवळ जसाच्या तसा राहिला. त्याचा काळ ख्रिस्तपूर्व पांचव्या ते तिसऱ्या शतकांच्या दरम्यानचा मानतात. लांबी सुमारें दोन मीटर, रुंदी १८३ सेंटिमीटर, आणि एका चौरस सेंटिमीटरांत सुमारें ३६ गांठी! म्हणजे ही कला तेव्हांच पुरी वयांत आलेली होती. कांठांवर २८ घोडेस्वार चालले आहेत, आंतल्या पट्ट्यांत २४ हरणें चरत आहेत, आणि मधल्या २४ चौकोनांत कमळासारख्या फुलाकळ्यांची चौफुली मांडलेली आहे.

या कमळांपाशीं आपण थोडें थांबूं. कमळ म्हटलें कीं आपणांस लक्ष्मी आठवते, बुद्धाचें आसन आठवतें. परंतु या कमळाची वाट निराळी आहे. निनेव्हे येथें असुरबानिपाल राजाच्या वाड्यांतील ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाचा एक दगडी उंबरठा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. शिल्पकारानें त्या दगडावर हुबेहूब गालिचाच कोरला आहे, आणि त्याच्या कांठाला कमळें व कळ्या यांची रांग आहे. असुरियांत ही रांग आली ती पश्चिमेकडून. तिचें मूळ ईजिप्तमध्यें, जेथें कमळ हें रोज उगवणाऱ्या सूर्याचें व पुनर्जन्माचें चिन्ह होतें. नाईलच्या कांठचें फूल याप्रमाणें असुरी राजाच्या उंबरठ्यावर आलें, इराणी कलेंत गेलें, आणि शेवटीं अल्ताईच्या थंडींत, जेथें कमळाचें तळें कोणीं पाहिलेलें नसावें अशा ठिकाणीं, एका घोडेस्वार सरदाराबरोबर पुरलें गेलें. आकार एवढा प्रवास करून आला. त्याबरोबर पुनर्जन्माची कल्पनाही आली कीं ती वाटेंत कोठें गळून पडली, हें तो गालिचा सांगत नाहीं. खूण टिकते, अर्थ टिकतोच असें नाहीं. हा आमच्या विषयाचा पहिला धडा.

आतां जेथें गालिचा स्वतः बोलतो तीं स्थळें पाहूं. इराणचा सर्वांत प्रसिद्ध गालिचा आज अस्तित्वांत नाहीं. ६३७ सालीं अरबांनीं टेसिफोन ही सासानी राजधानी घेतली तेव्हां त्यांस राजवाड्यांत एक अवाढव्य अंथरूण सांपडलें. ताबरी हा इतिहासकार त्याचें वर्णन करितो. लांबीरुंदी साठ साठ हात. सोन्याच्या दांड्यांवर रेशमी पानें, रत्नांचीं फुलें व फळें, मधून पाण्याचे पाट. हिवाळ्यांत बागा ओस पडल्या म्हणजे राजानें यावर बसावें व वसंतांतच बसल्याचा आनंद घ्यावा, हा त्याचा उपयोग. विजेत्यांनीं तें मदिनेस पाठविलें. तेथें खलिफा उमर यांनीं त्याचे तुकडे करून वांटून दिले, आणि अलींच्या वांट्याचा तुकडा वीस हजार दिरहमांस विकला गेला, असें ताबरी लिहितो. तें अंथरूण गांठींचें होतें असें दिसत नाहीं. पण जमिनीवर बाग अंथरण्याची कल्पना तेथपासून इराणी कलेंत वारंवार भेटते.

या कल्पनेमागें एक शब्दही आहे, आणि तो आपल्या ओळखीचा निघतो. अवेस्ताच्या भाषेंत ‘पैरिदएझ’ म्हणजे सभोंवार भिंत घातलेली जागा. यांतील ‘पैरि’ म्हणजे आपला ‘परि’, आणि ‘दएझ’ हा आपल्या ‘दिह्’ धातूचा भाऊबंद. इराणच्या राजांच्या कुंपणबंद बागांस हा शब्द लागे. तो ग्रीकांनीं उचलला, त्यांच्याकडून युरोपच्या भाषांत गेला व तेथें त्याचा अर्थ स्वर्ग झाला. अरबींत त्याचेंच ‘फिरदौस’ झालें. रखरखीत मुलखांत, चार भिंतींच्या आंत, पाणी आणि सावली हाच स्वर्ग, असें इराणी मनुष्यास वाटलें तर नवल नाहीं. इराणी बाग-गालिच्यांत हीच बाग वरून पाहावी तशी विणलेली असते. दोन पाट एकमेकांस छेदून चार वाफे करितात, पाण्यांत मासे पोहतात, कांठाला सरू व चिनार उभे असतात. अशा गालिच्यांतील एक अग्रगण्य नमुना जयपूरच्या अल्बर्ट हॉल संग्रहालयांत आहे. तो इराणांतील किरमानचा समजतात, आणि आंबेरच्या राजघराण्याच्या संग्रहांत १६३२ सालीं त्याची नोंद झालेली आहे. ताजमहालापुढील बाग ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हा गालिचा समजावून सांगावा लागत नाहीं. येथें अर्थ उघड आहे. तो कोणीं मागाहून चिकटविलेला नाहीं.

नमाजाच्या गालिच्याचेंही असेंच. त्यावरील कमान म्हणजे मशिदींतील मिहराब, मक्केची दिशा दाखविणारा कोनाडा. कांहींवर त्या कमानींत दिवा टांगलेला असतो, आणि कोनाड्यांतील दिव्याची ईश्वरी प्रकाशाशीं सांगड कुराणाच्या ‘नूर’ या अध्यायांतच आहे. कोठें पाण्याची झारी असते; ती प्रार्थनेपूर्वीं हातपाय धुण्याची आठवण देते. येथें वस्तूचा उपयोग व वस्तूवरील खूण एकमेकांस आधार देतात, म्हणून आपण निश्चयानें बोलूं शकतों.

परंतु निश्चयाची हद्द किती लवकर संपते हें पाहावयाचें असेल तर अर्दबीलच्या गालिच्याकडे जावें. शेख सफीउद्दीन यांच्या दर्ग्यांतील हा गालिचा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनें १८९३ सालीं दोन हजार पौंडांस घेतला. लांबी सुमारें साडेदहा मीटर, गांठी अडीच कोटींहून अधिक, आणि रंग अवघे दहा. रंग उडूं नयेत म्हणून तेथें तो एरव्हीं अंधुक प्रकाशांत ठेवितात व दर अर्ध्या तासानें दहा मिनिटें उजळतात. त्याच्या एका टोकास लेख विणलेला असून त्यांत काशानच्या मकसूदचें नांव व हिजरी सन ९४६, म्हणजे इसवी सन १५३९-४०, हा काळ दिलेला आहे. मध्यें सूर्यासारखें पिवळें पदक आहे आणि त्याच्या दोन टोकांस दोन दिवे लोंबत आहेत. मात्र एक दिवा मोठा आहे व दुसरा लहान! असें कां? एक पक्ष म्हणतो, लहान दिव्याच्या बाजूनें पाहणारास दोन्ही सारखे दिसावेत म्हणून. दुसरा पक्ष म्हणतो, परिपूर्णता एका ईश्वराचीच, म्हणून विणकरानें मुद्दाम दोष ठेविला. ही दुसरी गोष्ट फार गोड आहे आणि गालिच्यांच्या प्रत्येक दुकानांत ती ऐकावयास मिळते. पण जो मकसूद नांव विणतो, साल विणतो, तो या दिव्यांविषयीं एक अक्षर विणीत नाहीं. आणि हा मकसूदही बहुधा कामाचा मुख्य होता. ज्या बोटांनीं त्या अडीच कोटी गांठी मारल्या त्यांचीं नांवें त्या लेखांतही नाहींत.

दुसऱ्या प्रकारची साक्ष नांवांची, आणि नांवें फार फसवीं असतात. सोळाव्या शतकांतील कांहीं तुर्की गालिच्यांवर व रेशमी कापडांवर तीन गोळे आणि दोन नागमोडी पट्टे अशी एक खूण पुनःपुन्हां येते. पंडित तीस ‘चिंतामणि’ म्हणतात. थेऊरच्या गणपतीस नमस्कार करणाऱ्या मराठी वाचकास हें वाचून सहज आनंद होईल, आणि बौद्धांच्या रत्नांचा या खुणेशीं दूरचा संबंध असूंही शकेल. पण उस्मानी तुर्क तीस चिंतामणि म्हणत नसत. त्यांच्या दृष्टीनें ते चित्त्याचे ठिपके व वाघाचे पट्टे होते. शूराच्या अंगावरील कातड्याची, बळाची खूण. संस्कृत नांव मागाहून आलेल्या अभ्यासकांचें. याच्या उलट प्रकार ‘हेराती’ नांवाच्या नक्षीचा. चौकटींत एक फूल आणि त्याच्या चारी अंगांस चार वांकलेलीं लांब पानें, असें तिचें रूप. ही नक्षी पानाफुलांच्या वेलीपासून निघाली असावी हें जुने गालिचे पाहिले म्हणजे दिसतें. पण इराणांत तीस ‘माही’, म्हणजे मासा, म्हणतात. पान केव्हांतरी विणणाऱ्यांच्या डोळ्यांस मासा दिसूं लागलें आणि मासाच झालें. ही चूक म्हणावी काय? माझ्या मतें नव्हे. विणणाऱ्यानें स्वतः दिलेला अर्थ उशिरा आला तरी तो घरचाच अर्थ होय.

मध्य आशियांतील तुर्कमेन लोकांच्या तांबड्या गालिच्यांवर अष्टकोनी ‘गुल’ ओळीनें मांडलेले असतात. टेके, योमुत, सालोर, अशा एकेका टोळीचा गुल निराळा. मोश्कोवा या सोव्हिएत विदुषीनें असें प्रतिपादिलें कीं, हे गुल म्हणजे टोळींचीं बिरुदें. टोळी जिंकली गेली कीं तिचें बिरुदही मागें पडे. सर्वच अभ्यासकांस हें मान्य नाहीं. पण तुर्कमेनांनीं स्वतः गुलाशीं आपलें नातें सोडलें नाहीं, हें खरें. १९९२ सालीं तुर्कमेनिस्ताननें जो राष्ट्रध्वज स्वीकारला त्यावर असे पांच गुल उभ्या पट्टींत विणल्यासारखे काढलेले आहेत. बाजारानें मात्र या गालिच्यांस ‘बुखारा’ हें नांव दिलें, कारण ते बुखाऱ्याच्या पेठेंतून विकले जात. युरोपनें तर याहून मजा केली. तुर्कस्तानांतून गेलेले गालिचे तेथील चित्रकारांनीं आपल्या चित्रांत रंगविले. होल्बाइनच्या १५३३ सालच्या ‘राजदूत’ या चित्रांतील मेजावर असाच एक पसरलेला आहे. पुढें त्या गालिच्यांच्या जातींस ‘होल्बाइन’, ‘लोट्टो’ अशीं चित्रकारांचींच नांवें पडलीं. ज्यानें पाहून रंगविला त्याचें नांव राहिलें. जिनें किंवा ज्यानें विणला त्याचें बुडालें.

आतां माझ्या अपराधाकडे, म्हणजे कोयरीकडे, वळतों. १६२० सालीं बादशहा जहांगीर वसंतऋतूंत काश्मिरांत होता. तेथील फुलांनीं तो इतका वेडावला कीं त्यानें आपला चित्रकार मन्सूर याजकडून शंभराहून अधिक फुलें काढविलीं. त्यानंतर मोगल कलेंत, इमारतींवर, गालिच्यांवर, शालींच्या पदरांवर, एकेक फुलझाड सुटें उभें दिसूं लागतें. कधीं कधीं तें मुळांसकट असतें. इराणी भाषेंत झुडपास ‘बुता’ म्हणतात. आपली ‘बुट्टी’ त्याच घरची. पुढें अठराव्या शतकांत काश्मिरी शालींवर हें झाड भरगच्च झालें, शेंडा एका बाजूस कलला, बाहेरची रेघ मिटली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं आंत फुलें कोंडलेला वांकड्या टोंकाचा आकार तयार झाला. स्कॉटलंडांतील पेझली गांवच्या मागांनीं या शालींची नक्कल केली म्हणून इंग्रजींत त्या आकारास त्या गांवाचें नांव पडलें. असे वांकडे आकार इराणच्या जुन्या कलेंतही क्वचित् मिळतात. तथापि काश्मिरी शालीवरील आकाराची वंशावळ शालींवरूनच पायरीपायरीनें लावतां येते, आणि तींत अग्निज्वाळा कोठेंच भेटत नाहीं. माझी ज्वाळा ही मुळांत एक झुडूप होती.

पण आमच्या आजीनें त्यास कोयरी म्हटलें. तिनें काश्मीर पाहिलें नव्हतें. तिनें परसांतील आंबा पाहिला होता. शालूवर, रांगोळींत, हळदीकुंकवाच्या पितळी करंड्यांत तिनें तो आकार ओळखला आणि त्यास चैत्राचें व सुवासिनीपणाचें नांव दिलें. तिचा अर्थ खोटा नव्हता, कारण तो तिचा होता व ती त्याप्रमाणें वागत होती. माझा अर्थ खोटा ठरला, कारण तो मीं दुसऱ्याच्या तोंडीं घातला.

अर्थ इतका सहज कां गळतो, याचें एक कारण या धंद्याच्या रीतींतच आहे. काश्मिरांत नकाश चित्र काढतो. तें खुणांच्या लिपींत उतरवितात, कोणत्या रंगाच्या किती गांठी एवढेंच तींत असतें. या लिपीस ‘तालीम’ म्हणतात. एकजण ती मोठ्यानें गाऊन वाचतो आणि मागावरील माणसें त्या सुरावर गांठी मारीत जातात. पूर्ण फूल डोळ्यांपुढें नसतांही फूल उमटतें. हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालला असतां नक्षी शाबूत राहून अर्थ निसटला तर दोष कोणाचा? इंग्रजी अमदानींत तर हें आणखी पुढें गेलें. आग्रा, लाहोर आणि आमच्या पुण्याजवळचें यरवडा येथील तुरुंगांत कैद्यांकडून गालिचे विणवून घेत. जॉर्ज बर्डवुड यांनीं १८८० सालच्या आपल्या ग्रंथांत तुरुंगांच्या चढाओढीनें ही कला बिघडते अशी तक्रार केली. मला मात्र दुसरीच गोष्ट टोंचते. ‘पैरिदएझ’ म्हणजे भिंतींनीं वेढलेली जागा. आणि भिंतींच्या आंत बसून, ज्यास त्या फुलांचें नांव ठाऊक नाहीं असा एखादा कैदी इराणी वळणाच्या फुलांच्या गांठी मोजीत आहे.

तरी नवीन अर्थ विणणें बंद पडलेलें नाहीं. १९७९ सालीं सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानांत शिरल्या. त्यानंतर तेथील गालिच्यांवर फुलांच्या जागीं रणगाडे, बंदुका व हेलिकॉप्टरें दिसूं लागलीं. त्यांच्या रांगा जुन्या फुलांच्या रांगांसारख्याच, कांठही तसाच. पुढें परक्या शिपायांनीं ते आठवण म्हणून विकत घेतले, आणि मागणी आहे म्हणूनही ते विणले गेले. त्यांत दुःख किती व बाजार किती हें एकेका गालिच्यापुरतेंच ठरवावें लागेल. दोनशें वर्षांनीं एखादा अध्यापक त्या हेलिकॉप्टरास कोणत्या तरी प्राचीन पक्ष्याचें चिन्ह ठरवील, अशी मला धास्ती वाटते.

तेव्हां त्या विद्यार्थिनीस माझें उत्तर असें: विणणाऱ्यानें फार थोड्या ठिकाणीं सांगून ठेवलें आहे, जेथें सांगितलें आहे तेथें आपण ऐकावें, जेथें त्याच्या लोकांनीं नांव दिलें आहे तेथें तें नांव कोणाचें व केव्हांचें हें विचारावें, आणि उरलेल्या ठिकाणीं गप्प राहून नक्षी पाहावी. गप्प राहणें हें आम्हां शिकविणारांस सर्वांत जड जातें, हें मी कबूल करितों.

आमच्या घरीं आजोबांनीं घेतलेला यरवड्याचा एक लहानसा गालिचा आहे. कडा झिजल्या आहेत, एका कोपऱ्यास शाई सांडल्याचा डाग आहे. हल्लीं मुघल कलेचा भाग आला म्हणजे मी तो गुंडाळून वर्गांत नेतों, मुलांस भोंवतीं बसवितों आणि आधीं त्याची मागची बाजू वर करून दाखवितों. तेथें फूल अंधुक असतें, पण एकेक गांठ मोजतां येते. मुलें मोजूं लागतात, आणि कांहीं वेळ वर्गांत कोणीच बोलत नाहीं.